पाण्यावरची हाक

मरळ सहजासहजी मरत नाही. पाण्याबाहेर काढून टोपलीत टाकली तरी दुपारपर्यंत डोळे वटारून आपल्याकडे पाहत राहते. तिला मारायचं तर डोळ्यांच्या थोडं मागं, टाळूवर, दांडक्याचा एकच नेमका वार घालावा लागतो. दुसरा वार घालावा लागला तर गिऱ्हाईक हसतं. माझं दांडकं खैराचं होतं, हातभर लांब, आणि ते मी लग्नात माहेराहून आणलं होतं. इतर बाप लेकीला भांडी देतात. माझ्या बापानं भांड्यांबरोबर हेही दिलं आणि व्याह्यांसमोर म्हणाला, "पोरगी तापट हाय, हाताले काही तरी काम असू द्या."

आम्ही ढिवर. आरमोरीच्या पलीकडं जंगलाला लागून आमचं गाव आणि गावाला लागून मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. नवरा डोंग्यातून जाळं टाकायचा, मी आरमोरीच्या बाजारात मासोळी विकायची. बाजारात माझ्या तोंडी लागायला कोणी धजत नसे. एकदा एका शहाण्यानं मासोळीबरोबर माझाही भाव विचारला. दांडकं तेव्हा मरळीवर न पडता त्याच्या गुडघ्यावर पडलं. उरलेला बाजार तो लंगडत फिरला, आणि पुढच्या बाजारी त्याची बायको येऊन माझ्याकडून झिंगे घेऊन गेली.

घरात माझ्या तोडीस तोड एकच बाई होती, माझी सासू. मी तिला मामी म्हणत असे. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही, आणि मी गप्प बसले असाही आठवत नाही. तिनं माझ्यावर चुलीतलं जळतं लाकूड उगारलेलं आहे, मी तिच्या अंगावर मासोळीच्या धुवणाची बादली उपडी केलेली आहे. आमचं भांडण लागलं की पाळीवरची माणसं हातातलं काम सोडून ऐकत बसत. पाळ म्हणजे तलावाचा बांध. आमचं घर त्या बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं, त्यामुळं बांधावर बसणाऱ्यांना सगळं फुकटात ऐकायला मिळे.

एका बाबतीत मात्र मामीपुढं माझी जीभ चालत नसे. पाण्यावरून हाक आली तर ती खाली जाऊ द्यायची नाही, असा आमच्याकडं रिवाज आहे. हाक कोणाचीही असो, कोणासाठीही असो, ज्याच्या कानावर पडली त्यानं आधी ओ द्यायची. कोण आहे, काय पाहिजे, ते मागून पाहायचं. ओ ऐकली की पाण्यातल्या माणसाला कळतं की काठावर कोणी तरी आहे. माझा सासरा मी लग्न होऊन येण्याच्या आधीच त्या तलावात बुडून गेला होता. शिंगाड्याच्या वेलींत त्याचा पाय अडकला. त्यानं हाक दिली तेव्हा पाळीवर बाहेरगावचे पाहुणे बसले होते. कोण ओरडतोय, कोणाला बोलावतोय, हे ते एकमेकांना विचारत बसले. गळ टाकून त्याला काढलं तेव्हा वेलीनं घोट्याची कातडी सोलून निघाली होती. मामीनं त्या पाहुण्यांपैकी एकाच्या दंडाचा असा चावा घेतला होता की मांस वर आलं, असं गावात अजून सांगतात.

तेव्हापासून मामी तोंडात घास असला तरी ओ देई. झोपेतसुद्धा देई. एकदा मी रागानं तिला म्हटलं, "मामी, पानकोंबडी ओरडली तरी तू ओ देतं वो." ती म्हणाली, "देतो. तुह्यं काय जाते?"

मोबाईल आमच्या भागात नुकते पोचले होते, त्या काळातली ही गोष्ट. गावात कुठंच रेंज नव्हती. तलावाच्या पाळीवर एका मोहाच्या झाडाखाली तेवढी यायची. आमच्या मच्छीमार सोसायटीनं एक फोन घेतला, चायनाचा, पाठीमागं मोठा भोंगा असलेला. मासोळीचा व्यापारी सकाळी विचारी, आज गाडी पाठवू की नको, त्याच्यासाठी. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोहाच्या खोडाला खिळ्यावर टांगलेला असायचा. झाडाखाली मामी दिवसभर जाळी शिवत बसे, त्यामुळं फोन उचलायचं काम आपोआप तिच्याकडं आलं.

वाजला रे वाजला की ती उचलायची आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशी ओ द्यायची. व्यापारी म्हणायचा, बुढी माझे कान फोडेल.

व्यापाऱ्याचा फोन दिवसातून एकदा. बाकीचे सगळे त्या पोरीचे. म्हणजे आवाज पोरीचा, बोलणं हिंदीतलं, गोड, आधी भरून ठेवलेलं. कधी गाणी लावून घ्या म्हणून, कधी क्रिकेटचा स्कोर, कधी भविष्य. आम्ही कोणी ते मागितलं नव्हतं. सोसायटीच्या अध्यक्षानं एकदा रागानं फोनच तलावात भिरकवायला उचलला होता. पण मामीला ती पोरगी आवडली. ती यंत्र आहे हे मी मामीला पन्नासदा सांगितलं. तिला ते पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं.

पोरगी म्हणे, "नमस्कार. क्या आप अपना भविष्य जानना चाहते हैं?"

"नमस्कार बाई. मी बरी आहो. तू जेवली का वो?"

"जानने के लिए एक दबाइए."

"काऊन इतकी घाई करून राह्यली? बस जराशी."

असं चालायचं. पलीकडचा आवाज थांबला तरी मामी बोलत राही. सुनेच्या, म्हणजे माझ्या, तक्रारी तिला सांगे आणि खुदखुदू हसे. घरात ती कधी हसल्याचं मला आठवत नाही. येणारे-जाणारे पाहून म्हणत, बुढी फोनशी हसून बोलून राह्यली. थट्टाच होती ती. मीही केली.

त्या साली पोळ्याच्या पुढं आभाळ उतरून बसलं, ऊन असं पडेचना. एका सकाळी नवरा पाळीवर गेला आणि धावत परत आला. तलाव पांढरा झाला होता. रोहू, कतला, मरळी, एवढे एवढे झिंगे, सगळं पोट वर करून तरंगत होतं. सोसायटीनं सोडलेलं वर्षाचं बीज. काठाला कुत्री माशांची पोटं फोडत होती आणि वर घारींची आपसात मारामारी चालली होती. बायका छाती पिटून रडत होत्या. सगळं गाव मेलेली मासोळी ओढून काढून खड्ड्यात पुरायला लागलं. दुपारपर्यंत हातांना असा वास लागला की पाण्याचा घोटही घेववेना. नंतर सरकारी माणूस येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. वरच्या शेतांतल्या धानाच्या बांध्यांतून फवारणीचं औषध वाहून आलं असावं, असं म्हणाला. पण तो आला नंतर. त्या दुपारी गावाला फक्त एवढंच दिसत होतं की कोणी तरी आपलं वाटोळं केलं आहे, आणि तो कोण ते हातात सापडत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मामी खाली पाण्याच्या काठाशी होती. तिनं सवयीनं तिथूनच ओ दिली, पण फोन अध्यक्षानं उचलला. हा अध्यक्ष माझा चुलत भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. त्याला लहानपणी पोहायला मामीनंच शिकवलं होतं. व्यापारी असेल, सगळ्यांनी ऐकावं, म्हणून त्यानं भोंगा चालू केला.

पोरीचा आवाज पाळभर घुमला. "क्या आपका बना हुआ काम बिगड़ रहा है? क्या किसी की बुरी नज़र आप पर है? जानने के लिए पाँच दबाइए."

दुसरा दिवस असता तर लोक हसले असते. अध्यक्षानं पाच दाबलं. थोडा वेळ घंटानाद झाला, मग पोरगी म्हणाली, "वह कोई पराया नहीं. वह आपके बहुत पास है, और रोज़ हँसकर बातें करता है."

पुढं ती आणखी काही तरी दाबायला सांगत होती, ते कोणी ऐकलं नाही. एक बाई म्हणाली, "रोज हासून तं बुढीच बोलते याच्यासंगं." मामी तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन पाळ चढत होती. तिनं वर पाहिलं आणि सगळं गाव आपल्याकडं पाहतंय हे तिला दिसलं. भगत लागला नाही की देवऋषी लागला नाही. ते काम फोननंच केलं.

पहिला फटका बांबूचा होता, पाठीत. टोपली घरंगळली, मेलेली मासोळी पायऱ्यांवर सांडली आणि मामी त्यांच्यावर पडली. मग कोणाचा हात, कोणाचा पाय, काही कळेना. तिचे केस धरून तिला मोहाच्या झाडापर्यंत ओढत नेलं आणि जाळ्याच्या दोरानं खोडाला बांधलं. ज्या दोन बायकांनी तिचे हात धरले, त्यांची बाळंतपणं तिनंच केली होती. मी खड्ड्यापाशी होते. वर धावले तर दोघांनी मला धरलं. मी एकाच्या हाताला कडकडून चावले आणि त्याचं रक्त थुंकले.

आमच्याकडं एक समजूत आहे. ज्या बाईवर करणीचा संशय, तिचे पुढचे दात पाडायचे. दात गेले की मंत्र नीट उमटत नाही, म्हणून लागतही नाही. अध्यक्षानं दगड उचललेला मी पाहिला. मामीनंही पाहिला. तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः हाक दिली. पाण्याकडं तोंड करून, ओ नाही, हाक. सगळं गाव तिथं उभं होतं. जन्मल्यापासून हाकेला ओ द्यायला शिकलेली माणसं होती ती. एकानंही तोंड उघडलं नाही. दूर तलावाच्या मध्यावर माझा नवरा मेलेली मासोळी गोळा करत होता, त्यानं तेवढी ओ दिली आणि डोंगा वळवला. डोंगा तो, किती पळणार. त्या दिवसासारखा तलाव कधीच रुंद नव्हता, असं तो आजही म्हणतो.

माझ्या हातात दांडकं कधी आलं ते मला सांगता येत नाही. कमरेला खोचलेलंच असायचं. दगड एकदा बसला होता. दुसऱ्यांदा वर गेला तेव्हा मी त्या मनगटावर घातलं, मरळीवर घालते तसं, एकच. हाडाचा आवाज झाला. दगड माझ्या पायावर पडला आणि अध्यक्ष गुडघ्यांवर बसला. मग मी फिरवतच सुटले. कोणाची पाठ, कोणाची नडगी, पाहिलं नाही. मी काय ओरडत होते ते नवऱ्यानं नंतर सांगितलं. मी म्हणत होते, "हिले मारायचा हक्क माहा हाय. तुमचा नाई." मला त्या वारांचं कधी वाईट वाटलं नाही. आज लिहितानाही वाटत नाही. एक वार आधी बसायला हवा होता, एवढंच वाटतं.

मामीचे वरचे समोरचे दात गेले आणि ओठ नाकापर्यंत फाटला. नवऱ्यानं तिला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत नेलं. आरमोरीच्या दवाखान्यात टाके घालताना ती हूं की चूं करत नव्हती. मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला नाही, तेव्हा मला भीती वाटली.

पोलीस आले, माणसं आत गेली, बाहेर आली. गावात सगळे नात्यातलेच, रोज त्याच पाळीवर बसायचं. अध्यक्ष हात प्लास्टरमध्ये घालून घरी येऊन मामीच्या पाया पडला. मामीनं पाय ओढून घेतले. आणि इकडं मोहाच्या झाडावर फोन वाजतच होता. तीच पोरगी, तोच गोड आवाज. तो वाजला की मामी दोन्ही हातांनी तोंड झाकायची. फोन टाकून द्या म्हणावं तर गावाचा धंदा त्याच्यावर.

मी आरमोरीला फोनच्या कंपनीच्या दुकानात गेले. दांडकं पिशवीत होतं. टाय लावलेल्या माणसाला म्हटलं, मला ती पोरगी दाखवा. तो हसला. "बाई, तशी कोणी पोरगी नाही. ते ऑटोमॅटिक असते. कोणी करत नाही ते."

"कोणी करत नाई, तं माह्या सासूचे दात कोनं पाडले?"

त्याला काही कळलं नाही. मी सांगितलं. सांगताना दांडकं कधी काउंटरवर आलं तेही कळलं नाही. तो खुर्ची मागं सरकवून उभा राहिला. मग म्हणाला की असे नको असलेले फोन बंद करून घ्यायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, सरकारनं तशी सोय केली आहे, नंबर नोंदवला की बंद होतात. हक्क आहे हे ऐकून माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. असा हक्क आहे हे सांगायला त्या पोरीनं एकदाही फोन केला नव्हता. पेपरात मी नंतर वाचलं, की अशा फोनमुळं लोकांची झोप मोडते, कामात अडथळा येतो. खरंच असेल. आमच्याकडं दात मोडले.

नोंदवायला मात्र मी चालणार नव्हते. फोन सोसायटीच्या नावावर, सही अध्यक्षाची लागणार. म्हणून दुसऱ्या बाजारी मी आणि तो एकाच एसटीत बसून आरमोरीला गेलो. ज्याचं मनगट मी मोडलं आणि ज्यानं माझ्या सासूचं तोंड फोडलं, ते आम्ही दोघं एका बाकड्यावर, मधे माझी रिकामी टोपली. वैरागडचा फाटा आला. मग तो खिडकीकडं पाहत म्हणाला, "मी पाच दाबलं नसतं तं?"

मला उत्तर द्यायचं असतं तर दांडक्यानंच दिलं असतं, आणि त्याचा दुसरा हात मला सहीसाठी हवा होता.

त्यानं डाव्या हातानं कशीबशी सही केली. टायवाला म्हणाला, महिना-दीड महिना लागेल. मारायला नुसतं पाच दाबलं तरी पुरतं, थांबवायला दीड महिना. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, नियम आहे.

त्या दिवसांत फोन मी उचलायचे. पोरीनं नमस्कार म्हटलं की मी तिला अशा शिव्या घालायचे की पाळीवरचे बाप्ये उठून जात. ती गोडच बोलत राहायची. यंत्राला मारता येत नाही, यासारखी चिडचिड दुसरी नाही. मग हळूहळू तिचे फोन कमी झाले आणि एक दिवस बंदच पडले. आता फक्त व्यापाऱ्याचा यायचा. मी मामीला जाऊन सांगितलं, "मामी, गेली वो तुही पोरगी. आता नाई येत." मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी होईल, निदान मला एखादी शिवी घालेल. ती जाळं शिवत राहिली.

तिनं मला शिवी घालणंच सोडलं होतं. भांडण उकरून काढायला मी भाजीत मीठ दुप्पट टाकलं, तिनं मुकाट खाल्लं. मी मागच्या दारी जाऊन ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाला होता, दात नसल्यानं काही अक्षरं नीट येणार नाहीत. पण ओ म्हणायला दात लागत नाहीत.

तलावात नवं बीज सोडलं होतं. धान कापणीला आलं होतं. एका दुपारी मामी पडवीत बसली होती आणि मी आतल्या बाजूला मासोळीचे खवले काढत होते. पाण्यावरून हाक आली. मी वाट पाहिली, कारण त्या घरात आजवर माझ्यावर कधी पाळीच आली नव्हती. हाक विरायच्या आधी पडवीतून ओ जायची. या वेळी गेली नाही. दुसरी हाक आली, जरा घाईची. मी खवल्यांच्या हातानंच बाहेर आले. मामीच्या हातातली सुई थांबलेली होती. हाक तिनं ऐकली होती.

"मामी, हाक हाय ना वो."

तिनं मान वर केली नाही. फाटून शिवलेला ओठ हलला. "कोन होय ते पाहून घे आधी," ती म्हणाली.

मी उभ्या जागेवरून ओ दिली, दोर उचलला आणि पाळीकडं पळाले. शिंगाड्याच्या कोपऱ्यात डोंगा उपडा झाला होता आणि त्याला धरून तिचा लेक हाक देत होता.